एअर पिस्तूल आणि पॉइंट टू-टू: दोघांच्या सफाईचं वेळापत्रक एक नाही

रेंजवर नवीन आलेल्या मुलांचे पालक हमखास विचारतात, "पिस्तूल किती वेळा साफ करायचं?" आणि तितकंच हमखास उत्तर मिळतं, "रोज करा." हे उत्तर अर्धं बरोबर आहे. पॉइंट टू-टू, म्हणजे 0.22 इंची काडतुसाचं पिस्तूल असेल तर रोज करा, दाबलेल्या हवेवर चालणारं एअर पिस्तूल असेल तर रोज उघडू नका. दोन्ही पिस्तुलं दिसायला सारखी. लाकडी ग्रिप तशीच, लांब नळी तशीच, बरेचदा बनवणारी कंपनीही तीच. एकाच खेळाडूच्या बॅगेत दोन्ही असतात. त्यामुळे एकीची सवय दुसरीला लागते आणि दोन्हींचं नुकसान होतं.

आधी दोघांच्या आत काय घडतं ते पाहू, कारण वेळापत्रक त्यातूनच ठरतं.

एअर पिस्तुलात काहीही जळत नाही. नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण 200 बार दाबाची हवा असते. रेग्युलेटर तो दाब कमी करून मोजकी हवा पुढे सोडतो आणि अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा 4.5 मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला सुमारे दीडशे मीटर वेगाने बाहेर पडतो. धूर नाही, काजळी नाही. नळीत राहते ती शिशाची बारीक पूड, तीही थोडी.

पॉइंट टू-टूमध्ये प्रत्येक गोळीमागे एक छोटा स्फोट असतो. या काडतुसात पेटवणारं मिश्रण बुडाच्या कडेत भरलेलं असतं. त्या मिश्रणात शिशाची संयुगं असतात, आणि घर्षणासाठी बहुतेक वेळा काचेची बारीक पूडही. गोळी शिशाची आणि वरून मेणासारखं वंगण. म्हणजे एका गोळीमागे काजळी, मेण, शिसं, न जळलेल्या दारूचे कण आणि काचेची पूड, एवढं सगळं मागे राहतं. त्यात ही पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची. काडतूस बसतं त्या जागेला, म्हणजे चेंबरला मागून बंद करणारा सरकता तुकडा म्हणजे बोल्ट. गोळी सुटताना त्याला कुलूप नसतं, फक्त त्याचं वजन आणि स्प्रिंग त्याला धरून ठेवतात. काडतुसाचं रिकामं टोपण मागे ढकललं जातं तेव्हा गरम वायू आणि घाणही त्याच्याबरोबर मागे, थेट यंत्रणेत शिरते. नळी त्यामानाने स्वच्छ राहते, घाण साचते ती चेंबरमध्ये, बोल्टच्या तोंडावर आणि रिकामं टोपण ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली.

हे नीट लक्षात आलं की पॉइंट टू-टूची सफाई कुठून सुरू करायची ते वेगळं सांगावं लागत नाही. तरी बहुतेक जण आधी नळीत गज घालतात, कारण सफाई म्हटलं की डोळ्यांपुढे तेच चित्र येतं. माझं स्पष्ट मत आहे की रोजच्या सरावानंतर नळीला हात लावायचा नाही. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा, आणि मगच बोल्ट बाहेर घ्या. जुना टूथब्रश, सुती चिंधी आणि थोडं सॉल्व्हंट घेऊन बोल्टचं तोंड, एक्स्ट्रॅक्टर, मॅगझिनचे ओठ आणि चेंबरची कड पुसा. जिथे धातू धातूवर घासतो तिथे तेलाचा एखादा थेंब. शिवणयंत्राचं तेल इथे चालतं, पण थर इतका पातळ हवा की बोटाला जाणवावा, डोळ्याला दिसू नये. जास्त तेल काजळीला धरून ठेवतं आणि दोन दिवसांत काळा राप तयार होतो. एवढ्याला दहा मिनिटं पुरतात आणि ती रोज द्यावीत.

का द्यावीत याचं कारण चेंबरच्या कडेला आहे. तिथे मेण आणि काजळी साचली की काडतूस पूर्ण आत बसत नाही, केसभर बाहेर राहतं. फायरिंग पिनचा घाव मग कड चेपण्याऐवजी काडतूस आत ढकलण्यात खर्च होतो आणि गोळी सुटत नाही. खेळाडू काडतुसाला दोष देतो, पेटी बदलतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. एकच काडतूस पहिल्या घावाला फुसकं निघालं आणि दुसऱ्याला सुटलं, तर काडतुसाआधी चेंबर तपासा.

नळीचं वेळापत्रक निराळं आहे. शिशाच्या गोळीचं वंगण नळीच्या आतून एक पातळ थर देतं आणि त्या थरावर गोळ्या एकसारख्या जातात. नळी घासून लख्ख केली की तो थर जातो, आणि पुन्हा बसेपर्यंतच्या काही गोळ्या इकडेतिकडे पडतात. म्हणून अनुभवी खेळाडू नळी साधारण 500 गोळ्यांनी पुसतात, काही जण त्याहून उशिरा, आणि दोघांचंही बरं चाललेलं असतं. आकड्यापेक्षा टार्गेटवर विश्वास ठेवावा. हात स्थिर असताना गोळ्यांचा पुंजका पसरायला लागला की नळीची वेळ झाली. पुसताना शक्य तिथे दोरीचा वापर करा आणि चिंधी चेंबरकडून तोंडाकडे ओढा. नळीचं तोंड ही तिची सगळ्यात नाजूक जागा. लोखंडी गज तिथे रोज घासला तर गोळी बाहेर पडते तीच कड झिजते, आणि झिजलेली कड कुठल्याही तेलाने भरून येत नाही.

स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी साफ करणं मात्र मला अजिबात पटत नाही. करायची तर तीन-चार दिवस आधी करा आणि मग एक पेटी मारून पाहा. आपल्याकडे चांगली काडतुसं परदेशातून येतात, महाग असतात आणि मोजून मिळतात. थर बसवण्यासाठी गोळ्या घालवायला जीव होत नाही हे खरं आहे, पण त्याचा उपाय नळी कमी वेळा घासणं हा आहे.

आता एअर पिस्तुलाकडे येऊ. पॉइंट टू-टूची शिस्त जशीच्या तशी इथे आणली की ती घातक ठरते.

एअर पिस्तुलाचं सगळं गुपित त्याच्या सीलमध्ये आहे. रबरासारख्या पदार्थाच्या छोट्या चकत्या आणि ओ-रिंगा उच्च दाबाची हवा अडवून धरतात. खनिज तेल, सॉल्व्हंट, डब्यातून फवारायचं गंजरोधक यांतलं काहीही त्यांच्यावर गेलं तर सील फुगतो किंवा ठिसूळ होतो. दुसरा धोका याहून मोठा आहे. उच्च दाबाची हवा आणि तेल एकत्र आले तर पेट घेऊ शकतात. म्हणून सिलिंडरच्या आट्यांना, भरण्याच्या नळीला, पंपाच्या जोडाला तेल लावायचंच नाही. ओ-रिंगला कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही नखाच्या टोकावर मावेल इतकंच. आणि सिलिंडरमध्ये स्वच्छ, कोरडी हवाच भरायची, ऑक्सिजन कधीही नाही. दोन्ही बाटल्या वर्कशॉपमध्ये शेजारी दिसतात म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मग एअर पिस्तुलाची रोजची सफाई म्हणजे काय? हाताचा घाम पुसणं आणि छर्रा ठेवायच्या जागेतली शिशाची पूड मऊ ब्रशने झटकणं. झालं. नळीसाठी फेल्टचे छोटे गोळे मिळतात, ते 500 ते 1000 छऱ्यांनंतर कोरडेच नळीतून काढायचे. पहिला गोळा करडा येतो, तिसरा-चौथा जवळपास पांढरा येतो, तिथे थांबायचं. नंतर दहा-वीस छर्रे मारले की नळी पुन्हा बसते. आठवड्याला पाच दिवस सराव करणाऱ्यालाही हे महिन्यातून दोन-चारदाच लागतं.

मात्र एअर पिस्तुलात छऱ्यांच्या आकड्याबरोबर काळही मोजावा लागतो आणि नवे खेळाडू नेमके तिथेच गाफील राहतात. सील वापरानेही झिजतात आणि नुसते पडून राहूनही वाळतात. दोन वर्षं कपाटात ठेवलेलं पॉइंट टू-टू पुसून, तेल लावून, तपासून बहुधा चालू होतं. दोन वर्षं पडलेलं एअर पिस्तूल बाहेरून नवंकोरं दिसेल आणि आतून हवा सोडत असेल. रात्री गेजवरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. थंडीत काटा थोडा खाली येणं साहजिक आहे, पण रोज सारखाच उतरत असेल तर गळती आहे. आणखी एक खूण म्हणजे दिवसाचा पहिला छर्रा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या ठिकाणी जातो आणि मग सगळं सुरळीत होतं. खेळाडू म्हणतो, अजून हात बसला नाही. हात असेलही, पण हे रोज घडत असेल तर रेग्युलेटर संशयास्पद आहे, कारण रात्रभरात त्याच्या पुढच्या कप्प्यात दाब हळूहळू चढतो. अशा वेळी घरी स्क्रू फिरवत बसू नये, जाणत्या कारागिराकडे न्यावं.

सिलिंडरला स्वतःची मुदत असते. ती कंपनी ठरवते, बहुतेकदा बनवल्यापासून दहा वर्षं, आणि तारीख सिलिंडरवर कोरलेली असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती तारीख उलटली नाही ना हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. सेकंडहँड पिस्तूल घेताना लोक ट्रिगर दाबून पाहतात, ग्रिप हातात बसते का पाहतात, आणि सिलिंडरची तारीख वाचत नाहीत. आधी ती वाचा. मुदत संपलेला 200 बारचा सिलिंडर कितीही चमकवला तरी तो वापरायचा नाही.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये 25 जुलै 2021 रोजी मनू भाकर 10 मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत खेळत असताना तिच्या पिस्तुलात बिघाड झाला. 60 नेमांसाठी 75 मिनिटं, त्यातली मोलाची मिनिटं दुरुस्तीत गेली. ती 575 गुणांवर थांबली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पुढे 2024 मध्ये पॅरिसला तिने याच प्रकारात कांस्य जिंकलं आणि 25 मीटरला, म्हणजे पॉइंट टू-टूवर, चौथी आली. टोकियोतल्या त्या दिवसाचा दोष कुणाच्या माथी मारण्यात अर्थ नाही, यंत्र कुणाचंही बिघडतं. मला त्यातून एवढंच दिसतं की एअर पिस्तूल दगा देतं ते सहसा घाणीमुळे नव्हे, झिजलेल्या किंवा तुटलेल्या भागामुळे. ते चिंधीने कळत नाही. त्यासाठी ठरावीक काळाने पिस्तूल उघडून तपासून घ्यावं लागतं, आणि सुटे भाग बॅगेत ठेवावे लागतात.

25 मीटरला चित्र उलटं असतं. जलद टप्प्यात टार्गेट 3 सेकंद दिसतं, 7 सेकंद लपतं, आणि त्या 3 सेकंदांत हात वर नेऊन एक गोळी मारायची असते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं, आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. या प्रकारात पिस्तूल अडकलं तर हात वर करून पंचांना बोलवायचं असतं. बोल्टला आधीच हात लावला तर ते वैध बिघाड मानलं जात नाही आणि गोळी वाया जाते. अशा अडकण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे एक्स्ट्रॅक्टरखालची काजळी. रोजची ती दहा मिनिटं याच्यासाठी.

आपल्या पावसाळ्यात दोघांचंही वेळापत्रक बदलतं, पण वेगवेगळ्या बाजूंनी. वरळीच्या रेंजवर जून ते सप्टेंबर समुद्राची खारट दमट हवा असते, कोल्हापुरात दिवसेंदिवस ऊन नसतं. पॉइंट टू-टूचं पोलाद अशा हवेत वापराविनाही गंजतं, म्हणून खेळला नाहीत तरी आठवड्यातून एकदा तेलाची चिंधी फिरवा. एअर पिस्तुलाला धोका आतून असतो. हातपंपाने भरताना हवेतली वाफ पाणी होऊन सिलिंडरमध्ये जाते, तेव्हा पंपाचा ओलावा शोषणारा फिल्टर या महिन्यांत लवकर बदला आणि सिलिंडर पूर्ण रिकामा ठेवू नका, थोडा दाब राहू द्या. दोन्ही पिस्तुलं फोमच्या बंद पेटीत ओली ठेवू नका. परवान्याचं रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात कपाटात टाकून देणाऱ्यांनाही हेच सांगेन, चामडं ओल धरतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र दोन्हींना एकच शिस्त. सफाईआधी पिस्तूल रिकामं आहे हे पाहायचं, नळी सुरक्षित दिशेला, काडतुसं किंवा छर्रे दुसऱ्या खोलीत, आणि काम झाल्यावर सेफ्टी फ्लॅग, म्हणजे चेंबर रिकामं असल्याची खूण, परत आत. परवान्याच्या नियमांत एअर पिस्तूल सौम्य मानलं जातं म्हणून घरात ते खेळण्यासारखं हाताळलं जातं. त्या वेगाचा छर्रा डोळा फोडू शकतो.

आणि शिसं दोघांतही आहे. सफाई जेवणाच्या टेबलावर नको, लहान मूल खोलीत नको, खिडकी उघडी हवी. पॉइंट टू-टूची चिंधी तर नुसती काळी नसते, तिच्यात शिशाची संयुगं असतात, ती घरातल्या फडक्यांत मिसळू नका. हात साबणाने आणि गार पाण्याने धुवा, आणि मगच चहाचा कप उचला.