हॅश मॅच झाला, पण कुठल्या हॅशशी?

लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून विंडोजची सीडी आणायची, घरी लावायची आणि अर्ध्यात 'फाईल कॉपी होत नाही' असा एरर आला की सीडीवर फुंकर मारून, बनियनला पुसून परत लावायची, आमचं चेकिंग तेवढंच. चालली म्हणजे चांगली. आत कोणी अजून काय घुसवलंय हा प्रश्नच कधी पडला नाही.

खरंतर हे तपासायची सोय तोवर जुनी झालेली. रॉन रिव्हेस्टने १९९१ मध्ये एमडी५ हे हॅश काढायचं गणित बनवलं, हॅश म्हणजे फाईलचा ठसाच, फाईल कितीही मोठी द्या, उत्तर ३२ अक्षरांचं, आणि आत एक बिट जरी हलला तरी ते उत्तर पार बदलतं. १९९२ मध्ये अमेरिकेत पर्ड्यू युनिव्हर्सिटीत जीन किम आणि जीन स्पॅफर्ड यांनी ट्रिपवायर नावाचा प्रोग्राम लिहिला. मशीन नवीकोरी असतानाच सिस्टीम फाईल्सचे हॅश काढून ठेवायचे आणि नंतर ताडून बघत राहायचं, कारण घुसलेला माणूस लॉगिनसारखा प्रोग्रामच बदलून ठेवायचा, मग मशीन स्वतःबद्दलच खोटं बोलणार. आणि ती हॅशची यादी रीड-ओन्ली, म्हणजे वाचता येईल पण बदलता येणार नाही अशा जागी ठेवा हेही तेव्हाच सांगितलेलं, नाहीतर चोर तीही बदलेल ना! ग्यानबाची मेख इथेच आहे, आणि नेमकं हेच लोक विसरतात.

मधल्या काळात एमडी५ची वाट लागली. २००४ मध्ये श्याओयुन वांग यांच्या टीमने दोन वेगळ्या डेटाचा एकच हॅश काढून दाखवला, आणि २०१२ मध्ये सापडलेल्या फ्लेम मालवेअरने त्याच कमजोरीतून मायक्रोसॉफ्टची सही असल्याचं भासवलं. २०१७ मध्ये शा-१ हे दुसरं हॅशचं गणित पण गेलं. आता शा-२५६, ६४ अक्षरं. (बरेच जण पहिली चार आणि शेवटची चार बघून मोकळे होतात, असो.)

पण फेब्रुवारी २०१६ चं लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमचं प्रकरण बघा, वेबसाईटच हॅक झाली, डाऊनलोड लिंक बॅकडोअरवाल्या, म्हणजे चोरदरवाजा ठेवलेल्या आयएसओकडे (इन्स्टॉल करायच्या डिस्कची अख्खी फाईल) वळवली, आणि हॅकरच्या म्हणण्यानुसार साईटवरचा हॅशही त्याने बदललेला. गणित कितीही पक्कं असो, करणार काय?

मागच्या आठवड्यात भाचा ग्रँट रोडच्या एका दुकानातून पेनड्राईव्हवर विंडोजची आयएसओ घेऊन आला, विंडोजमधली हॅश काढायची सर्टयूटिल कमांड मारली आणि खुश, "मामा, सगळी ६४ अक्षरं जुळली!"

म्हटलं, ताडायला हॅश कुठून घेतलास?

"पेनड्राईव्हमध्येच टेक्स्ट फाईल होती की."