दहाव्या दिवशी बंद केलेली गोळी

ठाणेकराला एक विनोद जन्मभर पुरतो. बाहेरगावी 'कुठले?' या प्रश्नाला 'ठाण्याचे' म्हटलं, की समोरचा हसून विचारतो, "हॉस्पिटलातून कधी सुटलात?" 1901 पासूनचं मनोरुग्णालय शहरात असल्याची ही किंमत. कोलशेतला राहणारा माझा एक मित्र या विनोदाच्या धाकाने चार महिने मनाच्या डॉक्टरकडे गेला नाही. हाडांच्या डॉक्टरकडे मात्र दोनदा जाऊन आला.

कारण दुखत होती पाठ. भूक गेलेली, रोज पहाटे साडेतीनला टक्क जाग. स्टेशनात उभा राहून एकामागून एक लोकल सोडून द्यायचा. गर्दीमुळे नव्हे, पाय उचलायचं बळच नसायचं. वाईट वाटतंय का विचारलं तर म्हणे, "काहीच वाटत नाही रे." नैराश्यात हे उत्तर रडण्याइतकंच बोलकं. मन उदास असणं किंवा कशातच गोडी न वाटणं, यांतलं एक तरी आणि झोप, भूक, थकवा, अपराधीपणा, मरणाचे विचार वगैरे धरून एकूण किमान पाच लक्षणं दोन आठवडे जवळजवळ रोज असली, तर डॉक्टर या निदानाकडे वळतात. संध्याकाळी तो जरा माणसात यायचा, म्हणून घरच्यांना वाटे, ऑफिस टाळायची नाटकं! पण सकाळी जड, संध्याकाळी हलकं हा तीव्र नैराश्यातला ओळखीचा नमुना आहे.

शेवटी फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-12 तपासलं (थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच दिसतो) आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. नैराश्यावरची गोळी सुरू झाली. आठवडाभर मळमळ, अस्वस्थपणा, फरक शून्य. दहाव्या दिवशी पठ्ठ्याने गोळी बंद केली.

गंमत अशी, की गोळी तोवर कामाला लागलेली होती. दोन चेतापेशींच्या फटीत सोडलेलं सेरोटोनिन (पेशींमधला निरोप पोचवणारं रसायन) पेशी पुन्हा आत ओढून घेते. ही औषधं ती ओढ अडवतात, तीही काही तासांतच. निव्वळ सेरोटोनिनची कमतरता हाच आजार असता, तर संध्याकाळपर्यंत बरं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात दोन ते चार आठवडे जातात, पूर्ण गुणाला त्याहून जास्त. पेशींवरचे ग्राहक (सेरोटोनिनचा निरोप टिपणारे रेणू) हळूहळू जुळवून घेतात, नव्या जोडण्या होतात, असं आजचं स्पष्टीकरण आहे. चित्र अजून अपुरं आहे. त्रास आधी, आराम नंतर, हा क्रमच माणसाला पळवून लावतो, आणि हे पहिल्याच भेटीत नीट सांगितलं जात नाही याचा मला राग येतो.

पहिलं औषध सगळ्यांना लागू पडत नाही; मग मात्रा किंवा औषध बदलतात. सौम्य आजारात नुसती बोलण्याची थेरपीही पुरू शकते. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ असतात. गोळ्या लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ. या गोळ्यांची चटक लागत नाही, पण एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी येते, म्हणून त्या उतरवत न्यायच्या. मरणाचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नये. सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही.

मित्राने गोळी पुन्हा सुरू केली. पाचव्या आठवड्यात तो जेवताना कुरकुरला, "आमटीत मीठ कमी आहे." वहिनींनी मिठाची बरणी त्याच्यापुढे ठेवली आणि लगेच मला फोन केला. "अहो, याला चव कळली!" बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालूच ठेवायची, असं डॉक्टरांनी बजावलंय. तो आता विचारतोय, "बरा झालो ना, मग कशाला?"