स्प्रॉकेटमागची तेलगळती : नुसते सील बदलून ती का थांबत नाही

डर्ट बाइकच्या पुढच्या स्प्रॉकेटमागून (इंजिनच्या शाफ्टवरच्या, चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकामागून) तेल येऊ लागले की ‘सील (शाफ्टभोवतीची तेल अडवणारी रबरी कडी) तेवढे बदलून द्या’ अशी मागणी आमच्या गॅरेजमध्ये वारंवार होते, आणि नुसते सील बदललेली गाडी पुष्कळदा तशीच गळत परत येते.

गळती नक्की कुठली, हे आधी ठरवावे. चेनला मारलेले वंगण उडून स्प्रॉकेटच्या आवरणाच्या आत साचते आणि इंजिनच्या तेलासारखेच दिसते. शिवाय गिअर बदलण्याच्या शाफ्टचे आणि काही गाड्यांत क्लच पुशरॉडचेही (क्लच दाबणाऱ्या दांडीचेही) सील तिथेच जवळ असते. एकातून निघालेले तेल ओघळून दुसऱ्यावर जमते आणि दोष भलत्याच सीलवर येतो. तो भाग पुसून कोरडा करावा, टाल्कम पावडर भुरभुरावी, आवरण लावून छोटी फेरी मारावी आणि इंजिन बंद केल्यावर पावडर कुठून ओली झाली आहे ते पाहावे.

आता मुख्य मुद्दा. बऱ्याच गाड्यांत स्प्रॉकेटमागचे सील थेट शाफ्टवर नव्हे, तर शाफ्टवर चढवलेल्या पोलादी कॉलरवर (आखूड नळीसारख्या कड्यावर) घासते. त्यामुळे तेलाला बाहेर यायला दोन वाटा असतात : कॉलरच्या बाहेरून येणारी वाट सील अडवते, तर आतून, शाफ्टच्या अंगाने येणारी वाट एक लहानशी ओ-रिंग (गोल रबरी कडी) अडवते. ही ओ-रिंग कडक किंवा चपटी झाली असेल, तर कितीही चांगले सील बसवले तरी तेल आतून येतच राहते. कॉलरवर नखाला लागेल एवढी खाच पडली असेल, तर नव्या सीलचा ओठही तिथे नीट टेकत नाही.

म्हणूनच आम्ही एकटे सील बदलून देत नाही. ओ-रिंग सोबत नवी घालतो, कॉलर तपासतो आणि काढलेले भाग ग्राहकाच्या हाती देतो. यात बिल फुगवण्याचा हेतू नाही. स्प्रॉकेट पुन्हा उतरवण्याची मजुरी ओ-रिंगच्या किमतीहून कितीतरी जास्त होते.

काम स्वतः करणार असाल, तर जुने सील उचकटताना ते बसते त्या जागेवर ओरखडा पडू देऊ नये, नव्याच्या ओठाला ग्रीस लावावे आणि सीलमधल्या स्प्रिंगची बाजू इंजिनकडे ठेवावी. काही इंजिनांत हे सील बाहेरून निघत नाही, हे आधी मॅन्युअलमध्ये पाहिलेले बरे. सीलभोवती सिलिकॉन मात्र कृपया थापू नये. ते खरवडण्यातच आमचा निम्मा वेळ जातो.

चेन उतरवल्यावर शाफ्ट वर-खाली हलवून पाहावा. प्ले (सैलपणा) जाणवला तर बेअरिंग गेलेले असते, आणि फार ताणलेली चेन हे त्याचे नेहमीचे कारण असते. ब्रीदर पाइप (इंजिनमधला दाब बाहेर सोडणारी नळी) चिखलाने तुंबला असेल, तर आतला दाब वाढून धडधाकट सीलही गळते, म्हणून गाडी आमच्याकडे आली की तो पाइप आम्ही न विचारताच साफ करतो.