जीपीएस लॉगर

जीपीएस लॉगर : प्रवासात उपग्रहांच्या संकेतांवरून स्वतःचे स्थान ठरावीक अंतराने आपोआप टिपणारे व ती नोंद पुढे संगणकावर उतरवून देणारे, खिशात मावणारे उपकरण. मराठीत त्याला ‘मार्गनोंदक’ म्हणता येईल. बोलण्यात मात्र ‘लॉगर’ आणि ‘ट्रॅक’ (त्याने टिपलेली वाट) हेच शब्द रुळले आहेत. बहुतेक लॉगरांना पडदा नसतो. एक सरकती कळ, दोन-तीन दिवे आणि केबलचे भोक, एवढाच त्याचा बाह्य संसार. पुढची वाट तो दाखवत नाही, चालून झालेल्या वाटेचा हिशेब ठेवतो.

हा हिशेब ठेवण्याची कल्पना उपग्रहांहून पुष्कळ जुनी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ‘पंडित’ नैनसिंह रावत यांनी १८६५-६६ मध्ये काठमांडूहून ल्हासापर्यंतची वाट पावले मोजत नोंदवली. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी असत, दर शंभर पावलांना एक मणी ओढला जाई आणि टिपणे प्रार्थनाचक्रात दडवली जात. मोजणी, नोंद आणि परतल्यावर उतरवणी हे लॉगरचे तिन्ही भाग तिथे आढळतात.

जीपीएसच्या जनकत्वाचा वाद येथे थोडा पाहणे आवश्यक आहे, कारण संकेत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून उपग्रहाचे अंतर काढले जाते, म्हणजे लॉगरचा गाभा घड्याळाशी निगडित आहे. अमेरिकी हवाई दलाचा प्रकल्प व ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांचे नेतृत्व यांना एक पक्ष श्रेय देतो. दुसरा पक्ष नौदलाच्या प्रयोगशाळेतील रॉजर ईस्टन यांच्या ‘टायमेशन’ योजनेकडे बोट दाखवतो. तिचा पहिला उपग्रह १९६७ मध्ये अचूक घड्याळ घेऊन कक्षेत गेला होता. पार्किन्सन व आयव्हन गेटिंग यांना अभियांत्रिकीचे २००३ चे ड्रेपर पारितोषिक मिळाले, तर ईस्टन यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक. १९७३ मध्ये आखलेली योजना दोन्ही प्रवाहांच्या संगमातून आली हे बहुधा मान्य व्हावे. तथापि ‘उपग्रहातील घड्याळावरून अंतर काढणे’ हा विचारच प्रधान मानला, तर ईस्टन यांचे पारडे जड वाटते. पहिला जीपीएस उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सुटला व १९९५ मध्ये प्रणाली पूर्ण क्षमतेने चालू झाल्याचे जाहीर झाले.

लॉगरची वंशावळ दोन प्रकारे लावता येते. एक धागा हातात धरायच्या जीपीएस यंत्रांचा. १९९० च्या दशकातील अशा यंत्रांत हजारभर बिंदूंची स्मृती असे, आणि ती भरली की जुने बिंदू पुसले जात. दुसरा धागा ग्लायडिंगचा, म्हणजे इंजिनाविना विमान उडवण्याच्या खेळाचा. त्या खेळात उंचीचा पुरावा म्हणून मोहोरबंद बॅरोग्राफ (हवेच्या दाबावरून उंची टिपणारे यंत्र) नेत असत. साधारण १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्याची जागा उपग्रहाधारित उड्डाणनोंदकांनी घेतली व त्यांच्यासाठी आयजीसी ही फाइलरचना ठरली. रचनेने लॉगर पहिल्या धाग्याला जवळचा असला, तरी ‘नोंदीसाठीच नोंद’ हा त्याचा हेतू दुसऱ्याकडून आलेला दिसतो.

२ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी संकेतातील मुद्दाम मिसळलेली त्रुटी काढून टाकली आणि सुमारे १०० मीटरपर्यंत जाणारी चूक १०-१५ मीटरांवर आली. पायवाटेची नोंद अर्थपूर्ण झाली ती तेव्हापासून. पुढे साधारण २००४ नंतर क्षीण संकेत पकडणाऱ्या स्वस्त चिपा आल्या व स्वतंत्र लॉगर बाजारात दिसू लागले. आय-ब्लू ७४७, क्यूस्टार्झ बीटी-क्यू१०००, होलक्स एम-२४१ ही त्या पिढीतील परिचित नावे. पहिल्या दोहोंत नोकियाच्या मोबाइलची, सहज मिळणारी बीएल-५सी जातीची बॅटरी बसते, म्हणून आपल्याकडे ती यंत्रे दीर्घकाळ चालवता आली. होलक्सला एक पेन्सिल सेल पुरतो.

नोंद वेळेनुसार, अंतरानुसार किंवा वेगानुसार लावता येते. दोन मेगाबाइट स्मृतीत एक लाखाहून अधिक बिंदू मावतात. दर ५ सेकंदांनी एक धरला तरी १३८ तासांहून अधिक चाल. स्मृती भरल्यावर थांबायचे की जुने पुसून पुढे जायचे, हे आधीच ठरवावे लागते. लांबच्या यात्रेला ‘थांब’ हाच पर्याय सुरक्षित. बराच काळ बंद राहिलेल्या यंत्राला उपग्रहांच्या कक्षांची माहिती नव्याने घ्यावी लागते. एका उपग्रहाची नेमकी कक्षा दर ३० सेकंदांनी प्रसारित होते, पण सर्व उपग्रहांचे ढोबळ पंचांग पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटे लागतात. त्यामुळे लॉगर चालू करून लगेच सॅकमध्ये कोंबला, की ट्रॅकची सुरुवात हमखास हरवते.

उतरवणीसाठी यूएसबी केबल किंवा ब्लूटूथ वापरतात. संगणकाला लॉगर बहुधा सिरियल पोर्ट म्हणून दिसतो, त्यामुळे योग्य ड्रायव्हर नसेल तर तो सापडतच नाही. बीटी७४७ व जीपीएसबॅबेल या मुक्त प्रणालींनी निर्मात्यांच्या वेगवेगळ्या फाइलरचना एकत्र आणल्या. देवाणघेवाणीसाठी जीपीएक्स ही रचना सर्वमान्य आहे. ती २००२ मध्ये आली व तिची १.१ ही आवृत्ती ऑगस्ट २००४ ची. तीत प्रत्येक बिंदूचे अक्षांश, रेखांश, उंची व वेळ लिहिलेली असते. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणून पहाटे चारला निघालेल्या ट्रेकचा पहिला दीड तास आदल्या तारखेत जमा होतो. छायाचित्रांना स्थान जोडताना हा साडेपाच तासांचा फरक विसरला, तर गडावरचा फोटो पायथ्याच्या गावात जाऊन बसतो.

उंचीचा घोटाळा भारतात विशेष आहे. जीपीएस उंची मोजते ती पृथ्वीच्या गणिती विवृत्ताभापासून, म्हणजे ध्रुवांकडे किंचित चपट्या मानलेल्या गुळगुळीत गोलापासून. समुद्रसपाटी मात्र जिऑइडला, म्हणजे गुरुत्वाकर्षणानुसार खालीवर होणाऱ्या पृष्ठभागाला अनुसरते, आणि भारतीय उपखंडाच्या दक्षिणेस जिऑइड सुमारे १०० मीटर खाली दबलेला आहे. मुंबईच्या आसपास हा फरक साठ-सत्तर मीटरांचा. दुरुस्ती न करणारा लॉगर कोकणच्या किनाऱ्यावर उणे साठ दाखवतो, तेव्हा तो बिघडलेला नसतो. जुन्या टोपोशीटवर (सर्वेक्षण विभागाच्या भूरूप नकाशावर) ट्रॅक बसवतानाही असाच प्रश्न येतो. त्या नकाशांचा आधार एव्हरेस्ट विवृत्ताभ, लॉगरचा डब्ल्यूजीएस ८४ हा वेगळा विवृत्ताभ. महाराष्ट्रात दोहोंत शंभर मीटरांच्या आसपास अंतर पडते.

सह्याद्रीत आडवी येते ती भूरचना. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत किंवा सांधण दरीत दोन्ही अंगांचे कडे आकाश झाकतात, संकेत कातळावर आपटून उशिरा पोहोचतो आणि ट्रॅक भिंतीतून आरपार गेलेला दिसतो. जेवणाच्या थांब्यावर बिंदूंचा गुंता होतो व चाललेल्या अंतरात फुकटची भर पडते. बिंदू विरळ असले तर उलट वळणे कापली जाऊन अंतर घटते. गुंता काढण्यासाठी अनावश्यक बिंदू गाळणारी डग्लस-प्यूकर रीत वापरली जाते, पण मूळ फाइल बाजूला ठेवल्याशिवाय तिला हात लावू नये. वाटेची साफ केलेली रेघ पुन्हा केव्हाही काढता येते, गाळलेली वेळ परत येत नाही. काही जुन्या यंत्रांत ‘जतन’ केलेल्या ट्रॅकमधून वेळ आपोआप गाळली जाई, हे मोठेच नुकसान होते.

जीपीएसमध्ये तारीख ठरते ती आठवडे मोजून, आणि हा आठवडा-गणक १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. असे ऑगस्ट १९९९ व एप्रिल २०१९ मध्ये झाले; पुढचे वळण नोव्हेंबर २०३८ मध्ये. २००४ नंतरच्या त्या पिढीतील अनेक लॉगरांवर आजच्या नोंदीला ७१६८ दिवस मागची तारीख पडते. ६ नोव्हेंबर २०१९ ची चाल २२ मार्च २००० ची म्हणून उतरते. स्थान अचूकच असते. तारखेत तेवढे दिवस मिळवले की नोंद वापरण्याजोगी होते.

ओपनस्ट्रीटमॅप (स्थापना २००४) या लोकनकाशाच्या आरंभी रस्ते व पायवाटा मोठ्या प्रमाणात अशा ट्रॅकवरूनच रेखल्या गेल्या. भारतात फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांसाठी स्थानमाहिती गोळा करण्यावरील पूर्वपरवानगीच्या अटी बऱ्याच सैल केल्या. स्मार्टफोनने स्वतंत्र लॉगरची बाजारपेठ जवळपास संपवली आहे. तरीही अनेक दिवसांच्या चालीत, फोनची बॅटरी अडीअडचणीसाठी राखायची असते तेथे, तो अजून सॅकच्या वरच्या कप्प्यात असतो.