शिळा भाव, ताजा भाव

शेअरचे भाव फुकट दाखवणाऱ्या अनेक पानांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: भाव किमान पंधरा मिनिटे उशिराचे आहेत. डे ट्रेडिंगला, म्हणजे एकाच दिवसात शेअर घेऊन विकायला, नव्याने लागलेल्या माणसाला वाटते, यांचा सर्व्हर संथ असेल. तसे नसते. बाजारातून निघताना भाव ताजाच असतो. त्याला मुद्दाम थांबवून शिळा करतात आणि मग फुकट वाटतात. ताजा हवा तर पैसे मोजा. उशीर हाच विक्रीचा माल कसा झाला, हे पाहायला तारयंत्राच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

१८५० मध्ये जर्मनीतले आखेन आणि बेल्जियममधले ब्रसेल्स या शहरांमध्ये अजून तार जोडलेली नव्हती. रॉयटर्स वृत्तसंस्थेचे संस्थापक पॉल ज्युलियस रॉयटर यांनी ती फट कबुतरांनी भरून काढली. पक्ष्याच्या पायाला बांधलेले बाजारभाव आगगाडीच्या आधी पोचत. तार जोडली गेली आणि कबुतरांचा धंदा संपला. रॉयटरांचा मात्र तिथूनच वाढला.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा पोरे भावांच्या चिठ्ठ्या घेऊन दलालांच्या कचेऱ्यांकडे पळत. १८६७ मध्ये एडवर्ड कॅलाहन यांनी त्यांचे काम एका यंत्राला दिले. काचेच्या घुमटाखाली दोन चाके, एकावर अक्षरे, दुसऱ्यावर आकडे. खालून सरकणारी कागदाची अरुंद पट्टी आणि अखंड टिकटिक. त्या आवाजावरूनच नाव पडले टिकर. एडिसन यांनी पुढे त्यात सुधारणा केल्या. पट्टीवर छापून येई तो झालेल्या सौद्याचा भाव. या क्षणी कोण किती द्यायला आणि कोण किती घ्यायला तयार आहे, हे तिच्यात नसे. त्यासाठी वेगळी चौकशी करावी लागे.

पट्टी गावोगाव गेली तसा तिच्यावर जुगारही सुरू झाला. बकेट शॉप म्हणवणाऱ्या दुकानांत गिऱ्हाईक भाव चढेल की उतरेल यावर पैसे लावी. शेअर किंवा धान्य प्रत्यक्षात कोणी विकतच घेत नसे. आज ज्याला डब्बा ट्रेडिंग म्हणतात, तेच हे. या दुकानांना खऱ्या बाजाराकडून फक्त एक गोष्ट लागे, ती म्हणजे ताजा भाव. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड, म्हणजे तिथला धान्याच्या सौद्यांचा बाजार, याविरुद्ध कोर्टात गेले आणि १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकालात म्हटले की बोर्डाने गोळा केलेले भाव ही बोर्डाची मालमत्ता आहे, आणि करार करून काही लोकांना ते दिले म्हणून मालकी सुटत नाही. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा खुंटा इथे रोवला गेला. भाव ही नुसती बातमी उरली नाही, तिला मालक मिळाला.

नकोसा उशीर काय करतो ते १९२९ मध्ये दिसले. २४ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या बाजारात सुमारे १ कोटी २९ लाख शेअरची उलाढाल झाली. बाजार दुपारी तीनला बंद झाला आणि टिकर संध्याकाळी ७ वाजून ८ मिनिटांपर्यंत छापतच राहिला. पट्टीवरचा भाव वाचणाऱ्याला खरा भाव त्याच्याही किती खाली गेला आहे हे कळत नव्हते, आणि न कळण्यानेच घबराट वाढली. पुढच्या वर्षी मिनिटाला ५०० अक्षरे छापणारे टिकर आले.

हवा तो भाव हवा तेव्हा विचारता येऊ लागला १९६० मध्ये. क्वोट्रॉन नावाचे यंत्र दलालाच्या टेबलावर आले; कंपनीचे लघुनाम दाबले की तिच्या शेवटच्या सौद्याचा भाव मिळे. तोवर पट्टीवर आपला शेअर परत कधी सरकतो याची वाट पाहत बसावे लागे.

८ फेब्रुवारी १९७१ रोजी नॅसडॅक हा अमेरिकेतला संगणकी बाजार सुरू झाला, आणि तेही सौदे करण्यासाठी नव्हे. मार्केट मेकर, म्हणजे शेअर घ्यायला आणि विकायला स्वतः भाव देणारे व्यापारी, यांचे खरेदी-विक्रीचे भाव पडद्यावर दिसायचे. सौदा फोनवरच व्हायचा. आजचे ट्रेडर सहज बोलून जातात तो ‘लेव्हल टू’ शब्द इथला. पहिल्या पातळीवर प्रातिनिधिक भाव, दुसरीवर कोणता मार्केट मेकर काय भाव देतो आहे ते सगळे.

ऑक्टोबर १९८७च्या पडझडीत मार्केट मेकर फोनच उचलत नाहीत, अशी छोट्या गुंतवणूकदारांची ओरड झाली. म्हणून छोट्या ऑर्डर आपोआप पुऱ्या करणारी एसओईएस ही यंत्रणा त्यांच्यावर बंधनकारक करण्यात आली. मग काही चलाख मंडळींनी पडद्यासमोर ठाण मांडले. समजा, बातमी आली. सगळ्यांनी विक्रीचा भाव २० डॉलरवरून वर नेला, एकाचेच लक्ष नव्हते. त्याचा २० तसाच. बटण दाबायचे, शेअर घ्यायचे आणि काही सेकंदांत वरच्या भावाला काढायचे. मार्केट मेकर त्यांना ‘बँडिट’, म्हणजे दरोडेखोर म्हणत. आजच्या डे ट्रेडरची एक शाखा थेट या मंडळींपर्यंत जाते. दुसऱ्याचा शिळा भाव हीच त्यांची कमाई होती.

१९९६ मध्ये आलेल्या आयलंड या इलेक्ट्रॉनिक बाजाराने आपली ऑर्डरवही, म्हणजे कोण किती भावाला घ्यायला-विकायला तयार आहे त्याची यादी, इंटरनेटवर सगळ्यांना उघडी केली. २००८ मध्ये गुगल फायनान्सवर नॅसडॅकचे ताजे भाव वाचकाला फुकट दिसू लागले. पण त्यात एक मेख होती: ते नॅसडॅकवर झालेल्या सौद्यांचे भाव होते, सगळ्या बाजारांचे नव्हे. मी स्वतः दोन खिडक्या शेजारी ठेवून एकाच शेअरचे दोन भाव पाहत बसलो आहे. दोन्हींवर ‘रिअल टाइम’ लिहिलेले, आणि दोन्ही आपापल्या जागी खरे. फीड, म्हणजे सतत येणारे भाव, घेताना त्यामुळे वेगाइतकेच हेही विचारावे, की भाव एका बाजाराचा की एकत्रित.

अमेरिकेत सगळ्या बाजारांचे भाव एकत्र करणारी सामाईक वाहिनी आहे. २२ ऑगस्ट २०१३ रोजी तिचा नॅसडॅककडचा भाग कोलमडला, तेव्हा नॅसडॅकच्या शेअरमधले व्यवहार सुमारे तीन तास थांबले. बाजार याशिवाय आपले थेट, अधिक वेगवान फीडही विकतात. सामाईक वाहिनीच्या आधी स्वतःच्या ग्राहकांना भाव पाठवल्याबद्दल न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजला २०१२ मध्ये ५० लाख डॉलरचा दंड झाला. हा फरक कधी काही मिलिसेकंदांचा (सेकंदाच्या हजाराव्या भागांचा), तर क्वचित काही सेकंदांचा होता. हाताने बटण दाबणाऱ्याच्या मिलिसेकंदांचा फरक लक्षातही येत नाही. यंत्राला मात्र तेवढा पुरतो.

२०१६ मध्ये आयईएक्स या अमेरिकी बाजाराला एक्स्चेंजचा दर्जा मिळाला. तिथे येणारी प्रत्येक ऑर्डर सुमारे ६१ किलोमीटर फायबरमधून फिरून येते आणि त्यात ३५० मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश) जातात. वेगवान यंत्रांनी शिळ्या भावावर झडप घालू नये म्हणून केलेला हा बंदोबस्त आहे. ती सगळी फायबर एका खोक्यात गुंडाळून ठेवलेली असते.