मेमरी ओव्हरक्लॉकिंग: ठिपके दिसेनासे कधी झाले?

ग्राफिक्स कार्डची मेमरी ओव्हरक्लॉक करायची, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायची, खोड लोकांना लागली ती गरजेपोटी. १९९९ च्या जीफोर्स २५६ या कार्डाचा हिशेब मांडून बघा. चिपचा क्लॉक (कामाच्या ठोक्यांचा वेग) १२० मेगाहर्ट्झ, एका सायकलला चार पिक्सेल, म्हणजे सेकंदाला ४८ कोटी. ३२ बिट रंगात प्रत्येक पिक्सेलमागे रंग लिहायला ४ बाइट, झेड-बफर (पिक्सेलच्या खोलीची नोंद) वाचायला ४ आणि पुन्हा लिहायला ४. टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) धरलंच नाही तरी पूर्ण वेगासाठी सेकंदाला ५.७६ जीबी हवेत. एसडीआर (ठोक्याला एकदा डेटा देणाऱ्या) मेमरीच्या कार्डात १२८ बिटांची बस (मेमरी आणि चिपमधली डेटाची वाट) आणि १६६ मेगाहर्ट्झ, म्हणजे मिळायचे जेमतेम २.७ जीबी! नंतरच्या डीडीआर (ठोक्याला दोनदा डेटा देणाऱ्या) आवृत्तीत ४.८ झाले, तरी तूट उरलीच. अशा कार्डात चिपचा क्लॉक वाढवून काय मिळणार? मेमरीचा वाढवला की फरक लगेच दिसायचा.

बँडविड्थचं, म्हणजे सेकंदाला किती डेटा वाहतो याचं, सूत्र आजही तेच: बसची रुंदी गुणिले दर पिनचा डेटा रेट, भागिले आठ. कंपन्यांनी आधी रुंदी वाढवली. २००२ च्या रेडिऑन ९७०० प्रोने २५६ बिटांची बस घेऊन २० जीबीच्या जवळ मजल मारली. २००७ च्या एचडी २९०० एक्सटीला १०६ जीबीसाठी ५१२ बिट लागले. पुढच्याच वर्षी एचडी ४८७० ने निम्म्या बसवर ११५ गाठले. ही किमया जीडीडीआर५ या नव्या प्रकारच्या मेमरीची.

ओव्हरक्लॉकिंगची रीत बदलली तीही जीडीडीआर५ मुळेच, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच खरा टप्पा. त्याआधी मर्यादा डोळ्यांना दिसायची: पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी, फाटलेली टेक्स्चर. ठिपके येईपर्यंत क्लॉक वाढवा, मग थोडं मागे या, झालं. जीडीडीआर५ मध्ये मेमरी चिप प्रत्येक बर्स्टचा (एका दमात पाठवलेल्या डेटाचा) सीआरसी (चूक पकडणारा तपासणी-आकडा) काढून ग्राफिक्स चिपमधल्या कंट्रोलरला कळवते. तो जुळला नाही, तर तोच व्यवहार पुन्हा करता येतो. चित्र शाबूत राहतं, वेळ मात्र वाया जातो. म्हणून क्लॉकचा आकडा चढत असताना फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) उतरू शकतो, आणि ‘क्रॅश झालं नाही’ म्हणजे ‘स्थिर आहे’ असं समजणारे फसतात. दर पायरीला एकच बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) चालवून आकडे लिहून ठेवण्याला पर्याय नाही. (हा पहारा फक्त वाटेवरच्या डेटावर असतो. मेमरी चिपच्या आत बिट बिघडला, तर ठिपके आजही येतात.)

पुढे इथेरियम या क्रिप्टोचलनाच्या मायनिंगने (कार्डावर गणितं सोडवून नाणी मिळवण्याने) मेमरी क्लॉकला भलतंच महत्त्व आणलं, ते सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं. खेळांच्या बाबतीत तोवर वारं उलटं फिरलं होतं. २०२० च्या आरएक्स ६८०० एक्सटीत १२८ एमबीचा इन्फिनिटी कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) आला, २०२२ च्या आरटीएक्स ४०९० मध्ये ७२ एमबीचा एल२ कॅश. बरीचशी मागणी चिपमध्येच भागू लागली, तशी मेमरी क्लॉक वाढवण्यातली कमाई आटली.

घरच्या कार्डावर भाषा-मॉडेल चालवणाऱ्यांना मात्र कॅशचा फारसा उपयोग नाही. ७ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे मॉडेलने शिकलेल्या आकड्यांचं) १६ बिट मॉडेल १४ जीबीचं, आणि एकाच संभाषणात नेहमीच्या पद्धतीने दर टोकनला (शब्दाच्या तुकड्याला) ते अख्खं वाचावं लागतं. ४०९० ची बँडविड्थ १००८ जीबी, म्हणजे सेकंदाला फार तर ७२ टोकन. इथे मेमरी क्लॉक ५ टक्के वाढला आणि सीआरसीच्या चुका वाढल्या नाहीत, तर ही मर्यादाही पूर्ण ५ टक्क्यांनी वर सरकते.