पूर्वग्रहाधारित शालेय छळ

वंश, वर्ण, जात, धर्म, भाषा, अपंगत्व, लिंगभाव किंवा घरची परिस्थिती यांवरून शाळेत एखाद्या मुलाला चिडवणे, मारणे, एकटे पाडणे किंवा ऑनलाइन त्याची टर उडवणे म्हणजे पूर्वग्रहाधारित छळ. ते मूल खरोखरच त्या गटातले असावे लागते असे नाही. इतरांचा तसा नुसता समजही पुरतो.

शालेय छळाचा पद्धतशीर अभ्यास डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात स्कँडिनेव्हियात सुरू केला. इजा करण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळातली तफावत या त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही प्रमाण मानल्या जातात. पूर्वग्रहाच्या बाबतीत मात्र पुनरावृत्तीची अट तोकडी पडते. वर्गात एकदाच उच्चारलेली वर्णवाचक शिवी त्या मुलाने रस्त्यावर आधीच अनेकदा ऐकलेली असू शकते. शिवाय त्याच गटातली जी मुले मागच्या बाकांवर गप्प बसलेली असतात, त्यांनाही ती तितकीच लागते. युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगात जवळजवळ दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाला आदल्या महिन्याभरात छळ सोसावा लागला होता. मुलांनी सांगितलेल्या कारणांत शरीराची ठेवण आणि रूप पहिले, तर वंश, राष्ट्रीयत्व व वर्ण त्याखालोखाल होते.

सुरुवात बहुधा किरकोळ दिसते. हजेरी घेताना शिक्षक एका अनोळखी धाटणीच्या नावावर अडखळतात, वर्ग हसतो, शिक्षकही हसतात. मधल्या सुट्टीत त्या नावाचे विडंबन तयार असते आणि आठवड्याभरात तेच त्या मुलाचे नाव होऊन बसते. तक्रार केली की ‘मस्करी होती, मनावर घेऊ नकोस’ असे उत्तर मिळते. हा सल्ला निरुपयोगीच नव्हे, तर घातक आहे: ज्या गोष्टीवरून चिडवले जाते ती त्या मुलाला बदलता येत नाही, आणि का बदलावी?

म्हणून नोंद कशी केली जाते याला फार महत्त्व आहे. ‘दोघांत भांडण झाले’ असे लिहिले की पूर्वग्रह कागदावरून पुसला जातो. नेमके शब्द, जागा, वेळ आणि हजर असलेल्यांची नावे लिहावीत. एका कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या पोलिस तपासाची चौकशी करणाऱ्या ब्रिटनमधील मॅक्फर्सन अहवालाने (१९९९) पीडिताला किंवा अन्य कोणालाही जी घटना वंशद्वेषी वाटते, ती तशीच नोंदवून तपासावी, असे सुचवले. निष्कर्ष पुढचा, आधी नोंद.

प्रतिबंधाची खरी चावी बघ्यांच्या हाती असते. कॅनडातील एका निरीक्षणात (२००१) एखादे मूल मध्ये पडले तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘किवा’ हा शालेय छळविरोधी कार्यक्रम याच तत्त्वावर उभा आहे. मध्ये पडणे म्हणजे अंगावर धावून जाणे नव्हे. ‘चल, आपल्यात खेळायला ये’ एवढेही पुरते.

पूर्वग्रह मुळातून सैल करायचा तर भिंतीवरची घोषवाक्ये फारशी कामाची नसतात. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१मध्ये टेक्ससमधील ऑस्टिन येथे, वेगवेगळ्या वंशांची मुले नुकतीच एका वर्गात आली असताना, धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. प्रत्येकाने आपला तुकडा समजावल्याशिवाय कोणाचाच धडा पुरा होत नसे. ज्याला कोणी विचारत नव्हते, त्याचे ऐकून घेणे भाग पडले.

घटना घडल्यावर दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणे ही शाळांची आवडती पद्धत. बळ असमान असताना अशी तडजोड दुबळ्याच्या माथी मारली जाते. छळणाऱ्याशी स्वतंत्रपणे आणि स्पष्ट बोलावे लागते. चिडवायला वापरलेला शब्द तो कुठून शिकला हेही विचारावे लागते, कारण उत्तर कधी घरात सापडते, तर कधी शिक्षकांच्या खोलीत. छळ झालेल्या मुलालाच ‘सुरक्षिततेसाठी’ दुसऱ्या तुकडीत पाठवण्याचा प्रकारही सर्रास चालतो. बघणारा सगळा वर्ग त्यातून एवढेच शिकतो की जागा त्यालाच सोडावी लागली.